मुलाने विचारावे म्हणून : ज्यू बालकथांविषयी थोडेसे



श्रावण लागला की आपल्याकडे घरोघर कहाण्या वाचल्या जातात. वाचणारी वाचते, ऐकणाऱ्या हातात अक्षता घेऊन बसतात, आणि एखाद्या पोराने मध्येच "पण असं का?" म्हणून तोंड उघडले तर त्याला डोळ्यांनीच दटावले जाते. कहाणी पुरी होईपर्यंत बोलायचे नसते. ज्यू लोकांच्या घरी मात्र वर्षातून एक रात्र अशी येते, की त्या रात्री मुलाने विचारलेच पाहिजे. त्याने विचारल्यावाचून बापाला कथेला प्रारंभ करता येत नाही. ज्यू बालकथांविषयी बोलावयाचे तर त्या रात्रीपासून सुरुवात करणे मला सोयीचे वाटते. कारण या वाङ्मयात पुढे जे जे आले त्याचे बीज मला तेथे दिसते.

ही रात्र वल्हांडणाच्या सणाची. मिसर देशात दास्यात पडलेले इस्राएल लोक मोशेच्या मागोमाग बाहेर पडले, त्याचा हा स्मरणोत्सव. ही हकीकत बापाने मुलाला सांगावी अशी 'निर्गम' या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात आज्ञाच आहे. पण नुसते सांगणे पुरेसे नाही, मुलाच्या मनात ते ऐकण्याची ओढ उत्पन्न झाली पाहिजे, हे जुन्या धर्माचार्यांनी ओळखले होते. म्हणून त्या रात्रीचे ताट मुद्दाम विचित्र वाढलेले असते. खमीर घालून फुगवलेली रोजची भाकरी नाही, पातळ कुरकुरीत बेखमीर भाकरी आहे. कडू पाला आहे. मिठाचे पाणी आहे. दास्यात वाहिलेल्या चिखलमातीची आठवण म्हणून फळे नि सुकामेवा वाटून केलेला एक गोड लगदा आहे. मोठी माणसे नेहमीसारखी ताठ न बसता डावीकडे रेलून बसलेली आहेत. हे सारे पाहून घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाने चार प्रश्न विचारावयाचे : आज बेखमीरच का, कडूच का, दोनदा बुडवून का खायचे, रेलून का बसायचे? मग बाप उत्तर देऊ लागतो, आणि ते उत्तर म्हणजेच त्या रात्रीचा ग्रंथ, हग्गादा. या शब्दाचा अर्थच मुळी 'सांगणे' असा आहे.

तालमूद या त्यांच्या महाग्रंथात या रात्रीविषयी दोन बारीक गोष्टी दिलेल्या आहेत. दुसऱ्या शतकातला थोर आचार्य अकिबा त्या संध्याकाळी मुलांना भाजलेले दाणे आणि अक्रोड वाटत असे. कशासाठी, तर त्यांना झोप येऊ नये आणि त्यांनी प्रश्न विचारावेत म्हणून. केवढा मोठा विद्वान, आणि पोरांना जागे ठेवण्यासाठी खिशात खाऊ! दुसरी गोष्ट अशी की, मूल नसेल तर पत्नीने विचारावे, माणूस एकटाच असेल तर त्याने स्वतःलाच विचारावे, आणि दोन पंडित एकत्र जेवीत असले, दोघांनाही सारे ठाऊक असले, तरीही एकाने दुसऱ्याला विचारावे. ज्याला उत्तर येते त्यानेही विचारल्यावाचून सुटका नाही.

पुढे हग्गादात चार मुलांचे वर्णन येते. एक शहाणा, एक वाकडा, एक भोळा आणि चौथा, ज्याला काय विचारावे हेच कळत नाही. प्रत्येकाला वेगळे उत्तर. वाकड्याला तर चांगले दात आंबतील असेच उत्तर दिलेले आहे. पण तोही पंगतीला बसलेला आहे, त्याला कोणी उठवून लावलेले नाही. चौथ्याच्या बाबतीत बापाने आपण होऊन बोलावयाला आरंभ करावयाचा. या चौथ्या मुलाकडे आपल्याला शेवटी पुन्हा यावयाचे आहे.

या रात्री खेळही असतो. बेखमीर भाकरीचा एक तुकडा लपवून ठेवतात, मुलांनी तो शोधावयाचा, आणि तो हाती लागल्यावाचून जेवण संपवता येत नाही. तेव्हा ज्या पोराला तो सापडेल ते बापाशी घासाघीस करून काहीतरी भेट उकळते. अखेरीस एक साखळीचे गाणे म्हणण्याचीही अनेक घरांतून चाल आहे. बापाने दोन नाण्यांना घेतलेले एक करडू, त्याला मांजराने खाल्ले, मांजराला कुत्रा चावला, कुत्र्याला काठीने मारले, असे करीत करीत आग, पाणी, बैल, खाटीक, मृत्युदूत आणि शेवटी परमेश्वर. प्रागमध्ये १५९० साली छापलेल्या हग्गादात ते आलेले आहे. आपल्याकडच्या साखळीच्या गोष्टी ऐकलेल्या मुलाला त्यात परके असे काहीच वाटणार नाही. मोठी माणसे मात्र त्या करडाच्या ठिकाणी स्वतःच्या समाजाला पाहत आली आहेत.

हे सर्व दूर देशीचे आहे असे मात्र समजू नका. अलिबाग, पेण, मुरूड, पनवेल या बाजूला शतकानुशतके राहिलेले, तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्राएल लोक मराठीच बोलत. मूल विचारणार मराठीत, तेव्हा उत्तरही त्याला समजणाऱ्या भाषेत हवे. म्हणून १८४६ साली मुंबईत हिब्रूबरोबर मराठी भाषांतर असलेला हग्गादा शिळाछापावर निघाला, आणि १८७४ साली पुण्यात आणखी एक निघाला. पुण्याच्या प्रतीत बेखमीर भाकरी करणाऱ्या बाया चित्रित केल्या आहेत त्या लुगडी नेसून जमिनीवर बसलेल्या! पुढे १८८० च्या सुमारास या लोकांनी आपल्या कीर्तनाचा घाट उचलला आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी पदांतून लावली. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही त्यांची मूळकथा. आणि एलियाहू हन्नबीचा रथ अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर टेकून आकाशात गेला, ही त्यांच्या मुलांची आवडती कथा. नवस फेडताना त्या संदेष्ट्याच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे यांचा मलिदा करतात. १९४८ नंतर यांतील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. तेथे वाढलेल्या नातवंडांना या कथा आता हिब्रूत सांगाव्या लागतात.

आता लिहिलेल्या कथांकडे वळू. पूर्व युरोपातील ज्यूंचे व्यवहार दोन भाषांत चालत. प्रार्थना आणि शास्त्र हिब्रूत. घर, बाजार, भांडण आणि अंगाई यिडिशमध्ये. ही जर्मन कुळातली, हिब्रू आणि स्लाव शब्दांनी समृद्ध झालेली आणि हिब्रू लिपीत लिहिली जाणारी बोली. तिला ते 'आईची भाषा' म्हणतात. पंडितांनी तिला बराच काळ जवळ केले नाही. संस्कृतापुढे मराठीला काय सोसावे लागले हे ज्यांना माहीत आहे त्यांना यावर अधिक सांगण्याचे कारण नाही.

या आईच्या भाषेत मुलाचे मन प्रथम खरेपणाने कोणी मांडले असेल तर शोलेम आलेखेम याने (१८५९–१९१६). एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात त्याने लिहिलेली चाकूची एक गोष्ट आहे. एका पोराला चाकूचा विलक्षण नाद. घरात बिऱ्हाडकरू म्हणून राहिलेल्या गृहस्थाचा सुंदर चाकू तो चोरतो. त्या दिवसापासून त्याचे सुख संपते. त्यांच्या धर्मशाळेत, म्हणजे पंतोजीच्या 'हेदर'मध्ये, एक अनाथ पोरगा दानपेटीतले पैसे काढताना पकडला जातो आणि सगळ्यांसमोर त्याचा न्याय होतो. त्याची फजिती पाहणाऱ्या आपल्या चोराची छाती फुटायची वेळ येते. तो चाकू विहिरीत टाकतो आणि तापाने अंथरूण धरतो. 'श्यामची आई' वाचून वाढलेल्या वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. पण एक फरक आहे. येथे मुलाला जवळ घेऊन समजावणारे कोणी नाही. बाप खोकत असतो आणि रागावत असतो, पंतोजी मारीत असतो. जो प्रश्न सणाच्या रात्री मोठ्याने विचारावयाचा, तो एरवीच्या दिवसांत मुलाच्या पोटातच राहतो. धर्म मुलाला विचारण्याचा हक्क देतो आणि शाळा छडीने तो काढून घेते, ही विसंगती शोलेम आलेखेमने पाहिली, आणि तीही चिडून न जाता.

त्याचा मोट्ल हा दुसरा मुलगा तर जगाच्या वाङ्मयातील खट्याळ पोरांत मानाने बसावा असा आहे. सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणाऱ्या पेसी नावाच्या गवयाचा हा मुलगा. बाप मरतो, आणि पोराच्या लक्षात येते की पोरक्या मुलाला कोणी मारीत नाही, कोणी रागावत नाही, मजाच आहे! थोरला भाऊ 'झटपट श्रीमंत कसे व्हावे' या धर्तीचे पुस्तक आणून पेय बनवतो, शाई बनवतो, उंदीर मारण्याची पूड बनवतो, आणि सारी आळी शिंकत सुटते. हसता हसता आपल्या ध्यानात येते की घरातली एकेक वस्तू विकली गेली आहे, आई डोळे पुसते आहे, आणि गावेच्या गावे अमेरिकेकडे निघाली आहेत. मोट्ल हे दुःख जाणून सांगत नाही. तो जे दिसते तेवढेच सांगतो. १९०७ साली सुरू झालेली ही कथा लेखकाच्या मृत्यूने, १९१६ साली, न्यूयॉर्कमध्ये अर्धवट राहिली.

या कथांमागून आता विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येताना मध्ये एक खिंडार ओलांडावे लागते. १९३९ साली यिडिश बोलणारे सुमारे एक कोटी दहा लाख लोक होते. पुढल्या सहा वर्षांत नाझी राजवटीने सुमारे साठ लाख ज्यू मारले. त्यांत सुमारे पंधरा लाख मुले होती. म्हणजे नुसते लेखक नव्हेत, ऐकणारेच गेले. ज्या भाषेत मूल प्रश्न विचारीत होते त्या भाषेत विचारणारे मूलच उरले नाही, अशी स्थिती कित्येक मुलखांत झाली.

अशा वेळी आयझॅक बाशेविस सिंगर मुलांसाठी लिहू लागला. पोलंडात जन्मलेला, वॉर्सातील क्रॉख्माल्ना रस्त्यावर वाढलेला, १९३५ साली अमेरिकेस गेलेला हा लेखक साठीला आला तोवर केवळ मोठ्यांसाठी लिहीत होता. १९६६ साली 'झ्लाते नावाची बकरी' हा त्याचा कथासंग्रह इंग्रजीत निघाला. लिहिलेला यिडिशमध्ये, वाचणार होती अमेरिकेतली मुले. युद्धांमुळे आणि छळामुळे ज्यांना मोठे होणे लाभलेच नाही अशा मुलांचे स्मरण त्याने प्रस्तावनेत केले आहे. पण पुस्तकात नाझींचा उल्लेखही नाही. काय आहे? सैतान आहे, थंडी आहे, बटाट्याची धिरडी आहेत, आणि हेल्म गावचे मूर्ख आहेत.

हेल्म हे पोलंडातले खरेखुरे गाव. पण लोककथांनी त्याला मूर्खांची राजधानी करून टाकले आहे. चंद्र पाण्याच्या पिपात पकडून झाकण लावणारे ते हेच लोक. सिंगरच्या कथेत बर्फ पडतो आणि गावच्या सात शहाण्यांना वाटते की ही चांदी आणि मोती आहेत. लोकांनी तुडवू नये म्हणून निरोप्या पाठवावयाचे ठरते. पण निरोप्याच तुडवील, त्याचे काय? मग त्याला टेबलावर बसवून ते टेबल चौघांनी उचलून न्यावे असा निर्णय होतो. मूर्खपणाला केवढी शिस्त आहे पाहा! विनोदाच्या आड वादविवादाची, तर्काची, पंचायतीची त्या समाजाची सारी पद्धतच येथे मुलांना कळून जाते.

मूळ शीर्षककथा अधिक साधी आहे, आणि माझ्या मते या सबंध वाङ्मयातील उत्तम कथांपैकी ती एक आहे. हनुक्का हा त्यांचा आठ दिवसांचा दिव्यांचा सण जवळ आलेला. त्या वर्षी थंडीच नाही, म्हणून केसाळ कातड्यांचे कपडे शिवणाऱ्या रूवेनचा धंदा बसलेला. घरची म्हातारी बकरी खाटकाला विकावयाचे ठरते. थोरला मुलगा आरोन तिला दोरीने घेऊन निघतो आणि वाटेत हिमवादळात सापडतो. वाट दिसेनाशी होते. दैवयोगाने गवताची एक गंजी लागते. तीत भगदाड पाडून दोघे आत शिरतात. बकरी गवत खाते, मुलगा तिचे दूध पितो, तिच्या अंगाच्या उबेने जगतो. तीन दिवस असे जातात. मुलगा तिच्याशी बोलतो, आपले काय झाले, तुला काय वाटते, असे तिला विचारतो. तिला येते ते एकच अक्षर. ती तेच पुन्हा पुन्हा म्हणते आणि त्याला ते पुरते. गावी परतल्यावर तिला विकण्याची भाषा कोणी काढीत नाही. आणि थंडी पडल्यामुळे बापाच्या धंद्यालाही बरे दिवस येतात. हनुक्काच्या रात्री मुले चार बाजूंचा भोवरा फिरवीत बसतात आणि बकरी दिव्यांकडे पाहत राहते.

वर सांगितलेले करड्याचे गाणे ध्यानात ठेवून ही कथा वाचावी. गाण्यात करडू आरंभीच मरते. सिंगरच्या बकरीला मात्र खाटकाच्या वाटेवरून परत घरी आणले आहे. असे करावयाचे त्याने मनाशी ठरवले होते की नाही हे कोण सांगणार? पण चित्रकाराने मात्र पुस्तकात त्या मृतांना जाणूनबुजून जागा दिली. मॉरिस सेंडाक हा पोलंडातून आलेल्या ज्यू आईबापांचा ब्रुकलिनमध्ये जन्मलेला मुलगा. नाझींच्या हातून मारल्या गेलेल्या आपल्या नातलगांची छायाचित्रे घरच्या संग्रहातून काढून, त्यांचे चेहरे त्याने या चित्रांतील माणसांना दिले. मुले चित्रे पाहतात आणि हसतात. कोणाचे चेहरे पाहतो आहोत हे त्यांना ठाऊक नसते, आणि असण्याची जरुरीही नाही. सिंगरला पुढे १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्या मेजवानीच्या भाषणातही आपण मुलांसाठी का लिहितो याची कारणे त्याने सांगितली.

अमेरिकेत मात्र प्रश्न निराळा होता. तेथे मूल सुरक्षित होते, इंग्रजी वाचीत होते, आणि पुस्तकात त्याला स्वतःचे घर दिसत नव्हते. सिडनी टेलर नावाची एक बाई आपल्या एकुलत्या मुलीला झोपताना स्वतःच्या बालपणीच्या हकीकती सांगे. पुस्तकातली मुले नेहमी ख्रिस्तीच का असतात, असे त्या मुलीने एकदा विचारले, असे सांगतात. टेलरबाईंनी त्या हकीकती लिहून पेटीत ठेवल्या. नवऱ्याने त्यांना न सांगता त्या स्पर्धेला धाडल्या, आणि १९५१ साली पाच बहिणींच्या कुटुंबाचे ते पुस्तक बाहेर आले. १९१२ च्या सुमाराची न्यूयॉर्कची गरीब वस्ती, बापाचे चिंध्या आणि भंगाराचे दुकान. बैठकीच्या खोलीची धूळ मुलींनी नीट पुसावी म्हणून आई कोपऱ्याकोपऱ्यात बटणे लपवून ठेवते. हरवलेल्या ग्रंथालयाच्या पुस्तकाची किंमत एक मुलगी दर आठवड्याला एकेक पेनी देऊन फेडते. शब्बाथ येतो, पुरीमची सोंगे येतात, वल्हांडणाच्या वेळी घरात तापाची साथ येते. सण येथे धड्यासारखा शिकवलेला नाही. तो स्वयंपाकघरातून येतो. थोडे गोड आहे हे पुस्तक, हे मान्य केले पाहिजे. त्या वस्तीतली खोकला, उपासमार आणि कारखान्यातली पिळवणूक त्यात फारशी नाही. पण ज्यू घरांबाहेरच्या लक्षावधी मुलांनी शुक्रवारच्या संध्याकाळी लावलेल्या मेणबत्त्या प्रथम पाहिल्या त्या याच पानांत. आज ज्यू ग्रंथालयांच्या अमेरिकेतील संघटनेकडून बालवाङ्मयासाठी दरवर्षी दिले जाणारे पारितोषिक या बाईंच्याच नावाचे आहे.

आता त्या चौथ्या मुलाकडे येऊ. ज्याला विचारता येत नाही. युरोपात जे घडले त्याविषयी मुलाला काय सांगावे, आणि केव्हा? येथे मूल आपण होऊन विचारू शकत नाही, कारण असे काही असू शकते हीच कल्पना त्याला नसते. मोठ्यांनीच आरंभ करावयाचा आहे, आणि मोठ्यांचीच जीभ उचलत नाही.

या संदर्भात यानुश कोरचाक या डॉक्टरचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. सिंगर वाढला त्याच क्रॉख्माल्ना रस्त्यावर, ९२ क्रमांकाच्या घरात, १९१२ सालापासून तो अनाथ ज्यू मुलांचा आश्रम चालवी. तेथे मुलांचे न्यायालय होते, आणि त्यात खुद्द डॉक्टरवरही फिर्याद करता येई. 'राजा माचूश' ही लहानग्या राजाची त्याने लिहिलेली कादंबरी पोलंडमधल्या घराघरांत वाचली जाई. नाझींनी आश्रमाला वॉर्साच्या कोंडवाड्यात हलवल्यावर १८ जुलै १९४२ रोजी तेथील मुलांनी नाटक केले ते रवींद्रनाथ ठाकुरांचे 'डाकघर'. खिडकीशी खिळलेला आजारी अमल, त्याला येणारे राजाचे पत्र. मृत्यूला शांतपणे सामोरे जाणे मुलांना कळावे म्हणून डॉक्टरने हे नाटक निवडले, असे त्याला ओळखणारे सांगत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाकडे नेण्यात आले. स्वतःच्या सुटकेची संधी न घेता तो त्यांच्याबरोबर गेला. म्हणजे सांगता येत नव्हते ते त्याने बंगालमधल्या एका मुलाच्या गोष्टीतून सांगितले.

त्याच शहरात १९३१ साली जन्मलेला ऊरी ओर्लेव कोंडवाड्यातून आणि नंतर बेर्गेन-बेल्सेनच्या छावणीतून जिवंत सुटला. आईला नाझींनी मारले होते. १९४५ साली तो धाकट्या भावासह पॅलेस्टाइनला पोहोचला, हिब्रू शिकला आणि हिब्रूतच लिहू लागला. १९८१ साली निघालेली त्याची 'पक्षी रस्त्यावरचे बेट' ही कादंबरी अकरा वर्षांच्या अलेक्सची आहे. बाप नाझींच्या हातून पकडला जाताना त्याला सांगून जातो की पडक्या घरात माझी वाट पाहा. मुलगा ७८ क्रमांकाच्या त्या उद्ध्वस्त इमारतीत लपून राहतो. सोबत एक पांढरा उंदीर, आणि मनात रॉबिन्सन क्रूसो. दोरीची शिडी, शेजारच्या रिकाम्या घरांतून गोळा केलेले अन्न, भिंतीच्या फटीतून दिसणारा पलीकडचा रस्ता, जेथे इतर मुले शाळेला जात आहेत. ओर्लेव कोठेही आक्रोश करीत नाही. मुलगा भितो, पण त्याला कंटाळाही येतो, आणि शिडी जमली की आनंदही होतो. छळाच्या काळातही मूल हे मूलच असते, खेळते, हे त्याने आत राहून पाहिले होते. तो आणि त्याचा भाऊ कोंडवाड्यात शिशाच्या सैनिकांनी खेळत. १९९६ साली त्याला हान्स ख्रिश्चन अँडरसन पारितोषिक मिळाले; २०२२ साली तो वारला.

कादंबरीच्या शेवटी बाप परत येतो. काही महिन्यांनी, ओळखू न येण्यासारखा झालेला, पण येतो, आणि दोघे रानातल्या बंडखोरांकडे निघतात. काही टीकाकारांना हे मुलांना दिलेले खोटे समाधान वाटते, कारण बहुतेकांचे बाप आले नाहीत. मला तसे वाटत नाही. ओर्लेवने पडक्या इमारतीची एकही भिंत उभी केलेली नाही, मेलेल्यांपैकी कोणालाही परत आणलेले नाही. वाचणाऱ्या मुलाला तेथून पुढचा प्रश्न सुचतो : बाकीच्या मुलांचे बाप कोठे गेले? आणि मग घरातल्या कोणाला तरी पुस्तक बाजूला ठेवून बोलावे लागते.